आढ्यावरचा बारावा शर्ट

माझ्या सहीशिवाय इथला एक खिळासुद्धा जागचा हलणार नाही, असं मी ज्या दिवशी जाहीर केलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला निम्म्या गावातून कॉफीचं बोलावणं आलं. मला वाटलं, दरारा बसला. दरारा आणि आदरातिथ्य यांतला फरक कळायला मला पुढे अख्खा उन्हाळा लागला.

गावातल्या बारा बायकांनी मिळून आयवारचा छोटासा कारखाना काढला होता. भाजलेल्या लाल मिरच्यांची ही चटणी इथे मोरावा नदीच्या काठी घरोघर होते, आणि शेजारणीला ती जमत नाही याबद्दल प्रत्येक घराचं एकमत असतं. त्या बारा जणींत माझी बायको देसांकाही होती. सप्टेंबर आला की अंगणात चूल पेटायची आणि महिनाभर तिचे डोळे मिरच्यांइतकेच लाल असायचे. धूर सोडा बाई, नाहीतर डोळे तुम्हाला सोडतील, असं डॉक्टरने तिला बजावून सांगितलं होतं. मिरच्या पिकायच्या आत कारखान्याची सरकारी तपासणी झाली तर यंदा मिरच्या यंत्रात भाजल्या जाणार होत्या. नाही झाली, तर बारा जणी पुन्हा अंगणातल्या चुलीपुढे.

कारखान्याला मदत देणाऱ्या बेलग्रेडच्या मंडळींची अट होती, की बांधकाम चालू असताना यंत्रसामग्रीत जो काही बदल होईल तो एका जबाबदार इंजिनियरने तपासून मंजूर केला पाहिजे. गावात इंजिनियर मी एकटा. सूतगिरणी बंद पडल्यापासून मी घरी टोमॅटोंना पाणी घालत होतो, म्हणजे जबाबदार होतो असं म्हणवत नाही, पण इंजिनियर होतो. त्यांनी मला नेमलं. मी लगोलग शहरात, लेस्कोवाचला, जाऊन एक रबरी शिक्का करून आणला. गोल, निळ्या शाईचा, मधोमध 'मंजूर'. 'नामंजूर'चा शिक्का करून घ्यायचं मात्र सुचलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पहिलं बोलावणं स्तामेना मावशींचं. त्या बारा जणींच्या अध्यक्षा. उंचीने माझ्या कोपरापर्यंत, पण बोलायला लागल्या की मीच त्यांच्याकडे मान वर करून बघतो असं मला वाटतं.

"ये रे वुकाशिन, बस. आधी तोंड गोड कर."

चेरीचा मुरांबा चमचाभर, वर पाण्याचा पेला, मग कॉफी, मग राकिया, म्हणजे फळांची दारू, हा आमच्याकडचा क्रम. यात गोम अशी, की काम मुरांब्याच्या वेळी सांगतात. तोंडात मुरांबा असताना माणसाला नाही म्हणता येत नाही.

"ते भाजायचं यंत्र आहे ना, तो ढोल? दोन वीत उंच बसवलाय. आम्ही काय जिराफ आहोत?"

"मावशी, नकाशात तेवढीच उंची आहे. इटलीच्या कंपनीने..."

"इटलीच्या बायका असतील उंच. त्यांना म्हणावं, या इथे आणि भाजा. माझा हात पोचत नाही. खाली घे."

"अहो, यंत्राची उंची अशी..."

"अजून एक चमचा घे."

मी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी क्रस्ता मिस्त्रीने ढोलाचे पाय कापले. क्रस्ता मिस्त्री हा आमच्या पंचक्रोशीतला एकमेव गवंडी, सुतार आणि लोहार. कुठलंही काम सांगा, तो डोळे अर्धे मिटून "होईल, होईल" म्हणतो. यातलं पहिलं 'होईल' म्हणजे करीन आणि दुसरं म्हणजे कधी ते विचारू नका.

ढोल खाली आला तशी एक भानगड लक्षात आली. धुतलेल्या मिरच्या ढोलात टाकणारा सरकता पट्टा आता फार उतरता झाला. चाचणीला मिरच्या ढोलात न जाता त्यावरून उडी मारून समोरच्या भिंतीवर जायला लागल्या. पहिली माझ्या कपाळाला लागली. बायका हसल्या. मी कपाळ न पुसता, पट्ट्याला लांबी हवी, असा तांत्रिक निष्कर्ष काढला आणि शिक्का मारला. पट्टा लांब केला, तो थेट दारात आला. मग दार समोरच्या भिंतीत हलवलं. शिक्का. एका यंत्राचे पाय कापण्यातून इमारतीचं दार हलतं, हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

दार हलवलं त्या संध्याकाळी ल्युबिवोये आला. ल्युबिवोये माझा कूम, म्हणजे माझ्या लग्नातला साक्षीदार. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा जड. भावाशी भांडता येतं, कूमशी येत नाही. तो पोस्टातून निवृत्त झालेला असल्यामुळे त्याला सगळ्या विषयांतलं कळतं. तो नव्या दारात उभा राहिला, समोरच्या खिडकीकडे बघितलं, आणि एकदम कोटाची कॉलर वर केली. जुलै महिना होता.

"वुकाशिन," तो खालच्या आवाजात म्हणाला, "इथे प्रोमाया आहे."

समोरासमोरच्या दोन भोकांतून जो वारा वाहतो तो प्रोमाया. बाकीच्या जगात याला खेळती हवा म्हणतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. आमच्याकडे प्रोमायाने मान धरते, दाढ ठणकते, मूत्रपिंडं गारठतात. ल्युबिवोयेचा एक मामा तर प्रोमायानेच गेला. डॉक्टरने कागदावर भलतंच काही लिहिलं होतं, पण घरच्यांना खरं काय ते ठाऊक होतं.

"कूम, कारखान्यात हवा खेळायला नको?"

"खेळू दे की. पण बारा बायकांच्या माना धरल्या तर मिरच्या तू सोलणार आहेस?"

मी इंजिनियर आहे. प्रोमाया वगैरे मी मानत नाही. पण तेवढ्यात माझ्याही मानेतून एक बारीक कळ गेली. खिडकी विटांनी बुजवली. शिक्का.

खिडकी बुजवल्यावर धूर कोंडला. म्हणून छपराखाली धूर ओढायची जी पत्र्याची छत्री होती तिच्यात पंखा बसवला. शिक्का. तरी धूर जाईना, कारण ढोल दोन वीत खाली आणि छत्री होती तिथेच. मधल्या जागेतून धूर हवा तिकडे फिरायला जायचा. छत्री खाली येईना, तिला वरचा लोखंडी आधार आडवा यायचा. मग मी एक रात्र झोपलो नाही आणि पहाटे मला उपाय सुचला. खालून चौथरा बांधून ढोल वर घ्यायचा. दोन वीत. हा उपाय मी सगळ्यांना चहूबाजूंनी समजावून सांगितला. देसांकाने फक्त माझ्याकडे बघितलं आणि वांगी चिरत राहिली. बायको काही न बोलता वांगी चिरायला लागली की काहीतरी चुकलेलं असतं, पण काय चुकलंय हे विचारायची सोय नसते.

ढोल वर गेला तसा लांब पट्टा ढिला पडला, तो पूर्ववत आखूड केला. पट्टा दारातून हटला तशा बायका म्हणाल्या, जुनंच दार बरं, तिथे नळ जवळ आहे. नवं दार बुजवलं, जुनं उघडलं. दारासमोर आता खिडकी येईना, म्हणून प्रोमाया संपला, म्हणून खिडकी उघडली. खिडकी उघडली म्हणून पंख्याची गरज उरली नाही. शिवाय ल्युबिवोयेच्या मते पंखा हा तर विजेवर चालणारा प्रोमाया. काढला. प्रत्येक वेळी मुरांबा, कॉफी, राकिया, शिक्का. माझी साखर वाढली, पण कर्तव्याला चुकलो नाही. स्तामेना मावशींचा हात ढोलाला पुन्हा पोचेना, तेव्हा क्रस्ताने उरलेल्या फळ्यांचा एक पाट ठोकून दिला. त्या त्यावर उभ्या राहिल्या. पोचला.

"हे आधीच सुचलं असतं तर?" देसांकाने विचारलं.

"पाट हा यंत्राचा भाग नाही. तो माझ्या अखत्यारीत येत नाही," मी म्हणालो.

साऱ्या उन्हाळ्यात मी एकच बदल नाकारला. ऑगस्टच्या अखेरीला क्रस्ता मिस्त्री टोपी हातात घेऊन आला.

"इंजिनियरसाहेब, बांधकाम उरकलं. आता आढं चढवायचं."

"कसलं आढं? एका उताराचं पत्र्याचं छप्पर आहे. त्याला आढं नसतंच."

"तेच म्हणतो मी. नाहीये. घालावं लागेल."

"कशाला?"

"शर्टांसाठी."

नव्या घराचं आढं चढलं की ज्यांचं घर, ते आणि त्यांचे सोयरे मिळून आढ्यावर मिस्त्रीसाठी नवे शर्ट आणि टॉवेल बांधतात. वाऱ्यावर ते फडकायला लागले की लांबूनही कळतं, घर पुरं झालं आणि माणसं भली आहेत. हे मला माहीत नाही असं नाही. पण मी इंजिनियर म्हणून तिथे होतो.

"मिस्त्री, या आढ्याचं यंत्राशी नातं काय? ते भार कसला घेणार?"

"शर्टांचा."

"नामंजूर," मी म्हणालो. तो शिक्का नव्हता, म्हणून तोंडीच. त्याने मला कॉफी दिली नव्हती हे खरं, पण कारण ते नव्हतं. माणसाला कुठेतरी तत्त्व हवं की नको?

पुढच्या रविवारी ल्युबिवोयेच्या घरी त्यांच्या कुलसंताचा सण होता. भरल्या कोबीची भांडी रिकामी करून मी संध्याकाळी परतलो, तर कारखान्याच्या पत्र्यावर दोन खुंट उभे आणि त्यांवर आडवं ओकचं आढं. त्यावर अकरा शर्ट फडफडत होते. अकरा घरांनी दिलेले. बारावं घर माझं.

देसांकाने त्या रात्री माझा पांढरा शर्ट इस्त्री केला. मी तपासणीच्या दिवसासाठी जपून ठेवलेला, कडक कॉलरचा.

"हा देऊन येऊ?" तिने विचारलं. "बाराच्या बारा व्हायला हवेत रे."

"त्या आढ्याला माझी मंजुरी नाही. म्हणजे कागदोपत्री ते आढं अस्तित्वातच नाही. जे अस्तित्वात नाही त्यावर शर्ट कसा टांगणार?"

"बाकीच्यांचे अकरा टांगलेत."

"तेही कागदोपत्री नाहीत."

तिने शर्ट घडी करून कपाटात ठेवला. वांगी संपली होती, नाहीतर चिरली असती.

त्यानंतर क्रस्ता मिस्त्री मला अतिशय नम्रपणे भेटू लागला. काम सगळं झालं होतं, फक्त धुराड्यावरची पत्र्याची टोपी बसायची राहिली होती. टोपी तयार होती, त्याच्या गोठ्यात होती, मी स्वतः पाहिली होती. विचारलं की म्हणायचा, "होईल, होईल." टोपीशिवाय ठिणग्या उडतात, आणि टोपी नसेल तर कुठलाही तपासनीस कारखाना पास करत नाही. मी त्याला नियम वाचून दाखवले. त्याने टोपी काढून, म्हणजे त्याच्या डोक्यावरची काढून, ते उभ्याने ऐकले.

तपासणीचा दिवस उजाडला. अंगणात मिरच्यांच्या ट्रॉल्या येऊन उभ्या, ऊन चढेल तशा मऊ पडायला लागलेल्या. बारा बायका पांढरे एप्रन बांधून रांगेत. धुराडं बोडकं. मी पांढरा शर्ट घातलेला, खिशात शिक्का, हातात साऱ्या उन्हाळ्याच्या मंजुऱ्यांची जाडजूड फाइल. रात्रभर मी त्यातल्या प्रत्येक बदलाचं समर्थन पाठ केलं होतं.

इन्स्पेक्टरबाई यागोदा गाडीतून उतरल्या. बारीक, चष्मा, हसण्याची सवय नसलेल्या. त्यांनी हातात इटलीचा मूळ नकाशा घेतला, मोजपट्टी काढली आणि आत गेल्या. मी मागे.

"ढोलाची उंची." पट्टी खाली गेली. "बरोबर."

मी फाइल उघडलेली मिटली.

"पट्ट्याची लांबी. बरोबर. दार, नकाशाप्रमाणे. खिडकी, नकाशाप्रमाणे. पंखा..." त्यांनी छत्रीखाली मान घातली. "नाही. नकाशातही नाही. छान."

जे जे मी बदललं होतं ते ते मीच पुन्हा बदलून जिथल्या तिथे आणून ठेवलं होतं. देसांकाला हे चौथऱ्याच्याच दिवशी कळलं असावं. मी हळूच फाइल मागे केली. मागे ल्युबिवोये होता. त्याने ती घेतली, पाटावर ठेवली आणि तिच्यावर बसला. कूम तो कूम.

"इतकी वर्षं मी कारखाने तपासते," इन्स्पेक्टरबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "पण बांधताना एकही बदल न केलेला कारखाना आज पहिल्यांदा बघितला. इथल्या बदलांची जबाबदारी कुणाकडे?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. "शिस्त लागते, बाई. माणसं येतात, कॉफी पाजतात. पण आपण ठाम राहायचं."

रांगेतून कुणीतरी खोकलं. स्तामेना मावशींनी एप्रन तोंडावर धरला. देसांका छताकडे बघत होती. मी मात्र तरंगत बाहेर आलो.

बाहेर इन्स्पेक्टरबाईंनी मान वर केली.

"धुराड्याला टोपी नाही. आणि ते आढं कसलं? नकाशात नाही. मंजुरी आहे?"

मग क्रस्ता मिस्त्री पुढे झाला.

"बाई, साहेब म्हणतात ते आढं अस्तित्वात नाही."

"मला दिसतंय."

"मलाही दिसतंय. मीच घातलंय."

"आणि टोपी?"

"टोपी आढ्यानंतर, बाई. आढं पुरं झालं की टोपी. माझ्या बापानेही अर्धं आढं टाकून पुढचं काम केलं नाही."

बाईंनी शर्ट मोजले. मग बायका मोजल्या. आमच्याच मुलखातल्या त्या, त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

"मी कॉफी घेते," त्या म्हणाल्या. "कप संपल्यावर छपरावर जे दिसेल ते लिहीन."

स्तामेना मावशींनी कॉफी आणली. मी बघितलं, मोठ्या कपात आणली होती, तेवढी माया त्यांच्यात होती. आमचं घर नदीपलीकडे. जाऊन यायला वेळ नव्हता, आणि जाऊन तरी काय आणणार? देण्याजोगा एकच शर्ट, तो माझ्या अंगावर होता. सगळी अंगणभर माणसं माझ्याकडे बघत होती, ट्रॉल्यांवरचे शेतकरी धरून. मी देसांकाकडे पाहिलं. उन्हात तिचे डोळे बारीक झाले होते, आणि एकदम माझ्या मनात आलं, यंदाही ती चुलीपुढे बसली आणि त्याचं कारण माझा शर्ट ठरला, तर मी जन्मभर हिच्यासमोर कसा बसून जेवू? तिने नुसता हात पुढे केला.

मी बटणं सोडली.

आतली बनियन नेमकी ती होती, जी टोमॅटोंना पाणी घालताना वापरतो. भोकं पाठीमागे होती, पण शिडी चढताना माणसाची पाठच लोकांकडे असते. क्रस्ताने शिडी धरली, आणि मी अकराव्या शर्टाशेजारी बारावा बांधला. खालून टाळ्या पडल्या. मी उतरेपर्यंत टोपी कुठूनशी हजर झाली होती. गोठा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेव्हा ती सकाळपासूनच त्याच्या गाडीत असणार. ती बसवायला त्याला कॉफीचे दोन घोटसुद्धा लागले नाहीत.

"उत्तम," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "आता एवढ्या एका बदलाला मंजुरी द्या. इथे सही, इथे शिक्का."

मी सही केली. शिक्क्यासाठी खिशाकडे हात नेला, आणि हात बनियनला लागला.

शिक्का खिशात होता. खिसा छपरावर होता.

मी पुन्हा शिडी चढलो. वारा सुटला होता, शर्ट हाती लागेना, बनियन मागून फुगली होती. तेवढ्यात खालून ल्युबिवोयेची काळजीने भरलेली आरोळी आली:

"वुकाशिन! लवकर उतर रे! वर प्रोमाया आहे!"

ट्रॉलीवरची माणसं मिरच्यांवर पडून हसली. इन्स्पेक्टरबाईंनी नकाशाची गुंडाळी तोंडापुढे धरली, आणि ती बराच वेळ हलत होती.

खाली येऊन मी शिक्का उचलला. पण 'बदलाचा हेतू' अशी एक ओळ रिकामी होती, आणि बाई त्यावर बोट ठेवून थांबल्या होत्या. मला भारवहन, वातरोध असले चांगले चांगले शब्द येतात. भोकाच्या बनियनमध्ये ते सुचेनात. मी लिहिलं, 'शर्ट टांगणे'. त्यांनी वाचलं, आणि खाली स्वतःची सही केली.

दुपारी ढोल फिरायला लागला. धुराड्यातून धूर सरळ वर गेला, शर्टांच्या बाजूने. संध्याकाळी देसांका पहिला डबा घेऊन घरी आली, पावाला आयवार फासून माझ्यापुढे धरला आणि समोर बसली. सप्टेंबर महिना, अख्खा दिवस मिरच्या भाजून आलेली, आणि तिचे डोळे पांढरे स्वच्छ होते. मीच डोळे पुसले. तिखट आहे, असं मी म्हणालो. आमच्या मिरच्या गोड असतात.

शर्ट क्रस्ताला मिळाला. खिशात शिक्का उलटा होऊन शाई लागली होती, त्यामुळे छातीवर एक गोल निळा 'मंजूर' उमटलाय, तो धुऊन जात नाही. तोच घालून तो लग्नाकार्याला जातो आणि कुणी विचारलं की छाती पुढे काढतो. बेलग्रेडला मात्र आमच्या कारखान्याच्या नावावर एकच बदल नोंदलेला आहे, शर्ट टांगण्याचा. माझ्या साऱ्या उन्हाळ्याची तेवढीच कमाई.

परवा ल्युबिवोयेने कॉफीला बोलावलं. मुरांबा पुढे करून म्हणाला, ते आढं जरा डावीकडे वळवलं तर वारा अडेल, नाही का?

मुरांबा खाल्ला. कॉफी प्यालो. राकियाही घेतली. शिक्का घरीच ठेवून गेलो होतो.